गाडी रबराने म्हातारी होते

२०१९च्या दिवाळीनंतर देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांकडून मी फियाट पॅलिओ घेतली. १.६ जीटीएक्स, लाल रंग, २००३ची नोंदणी, मीटरवर ७६ हजार किलोमीटर. त्या काकांना गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नव्हता, म्हणून गाडी तीन वर्षं पत्र्याच्या शेडखाली उभी होती. रंगाला कुठे पोपडा नव्हता, दारं बंद करताना भरदार आवाज यायचा. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावरची फेरनोंदणी काकांनी २०१८ मध्येच करून ठेवली होती. मी फार घासाघीस केली नाही.

या गाडीसाठी माझा जीव का अडकला होता, ते आधी सांगतो. पॅलिओ २००१ साली भारतात आली आणि तिचं उत्पादन मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात व्हायचं. सचिन तेंडुलकरच्या नावाची एस टेन आवृत्ती याच गाडीची. त्या काळी झेन किंवा सँट्रोसारख्या छोट्या गाड्यांचं इंजिन साठ अश्वशक्तीच्या आसपास असायचं. जीटीएक्सला १५९६ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, शंभर अश्वशक्तीचं इंजिन होतं. छोटी गाडी आणि मोठं इंजिन, यालाच हौशी मंडळी हॉट हॅचबॅक म्हणतात. पुढे २०१३ मध्ये चाकणहून पोलो जीटी टीएसआय आली, २०१५ मध्ये रांजणगावहून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो आली. म्हणजे या जातीच्या तीन नावाजलेल्या गाड्या महाराष्ट्राच्याच मातीत तयार झाल्या. मला त्यातली पहिली हवी होती. ती आली तेव्हा मी आयटीआय करून नुकताच नोकरीला लागलो होतो आणि ती घेण्याची ऐपत नव्हती.

माझी नोकरी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, टूलरूममध्ये. लोखंड, पोलाद, पितळ यांची मला समज आहे. त्यामुळे गाडी घेतल्यावर मी पैसे घातले ते लोखंडातच. पहिल्या तीन महिन्यांत मोकळ्या हवेचा सायलेन्सर बसवला, एअर फिल्टरची मूळ पेटी काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला आणि गाडी दीड इंच खाली बसेल अशा आखूड स्प्रिंगा टाकल्या. सगळं मिळून साधारण तीस हजार गेले. गाडी दिसायला आणि ऐकायला जोरदार झाली. पळायला मात्र तसूभरही फरक पडला नाही, उलट थोडी मंदच वाटू लागली.

कारण नंतर कळलं. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो. मूळ पेटीला पुढच्या जाळीजवळून थंड हवा आणणारी नळी असते; ती मी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावतं, म्हणजे आपल्या शहरात अशी गाडी पाच-सहा टक्के आधीच कमी असते. त्यात एप्रिलच्या उन्हात गरम हवा पाजली तर वेगळं काय होणार? सायलेन्सरने कमी वेगातली ओढ घालवली. शेजारच्या आजींनी एक दिवस जिन्यात थांबवून सांगितलं, “तुझी गाडी सुरू झाली की माझ्या छातीत धडधडतं रे.” ते शब्द मला फार लागले. त्याच आठवड्यात मूळ सायलेन्सर परत बसवला.

खरा धडा मिळाला फेब्रुवारी २०२० मध्ये. बायको आणि मुलीला घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो होतो. दर्शन झालं. परतताना नांदुरीपर्यंतचा सुमारे दहा किलोमीटरचा घाट उतरत होतो. मी तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. मध्यावर एका वळणाआधी पेडल दाबलं आणि ते लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, थोडीशी पकड आली. दुसरा गिअर टाकला, मग पहिला, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली. मुलगी मागे झोपली होती, ती जागीही झाली नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. अर्ध्या तासाने ब्रेक परत आले. तिथून घरापर्यंत मी तीसच्या वर गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी द्वारका चौकाजवळच्या एका छोट्या गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. जुन्या फियाटवर हात बसलेला माणूस. त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. आतलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. मग मला पेडल दाबून धरायला सांगितलं आणि आरशाने पुढच्या चाकाजवळचा रबरी होज पाइप दाखवायला पोराला हाक मारली. मी दाबलं की तो पाइप फुगायचा, सोडलं की बसायचा. चाचा म्हणाले, “भाऊ, तुम्ही सगळा पैसा लोखंडात घातला. लोखंडाला काय झालंय? गाडी रबराने म्हातारी होते.”

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. पुढच्या चार वर्षांत या गाडीवर जे जे उपयोगी काम झालं, ते सगळं त्या एका वाक्याखाली मांडता येतं.

आधी ब्रेकचं सांगतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, अगदी रबरी होजमधूनसुद्धा. डॉट-४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल धरलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १५५ अंशांवर येतो. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली गेलं. चाचांनी चारही होज बदलले, पुढच्या कॅलिपरची सिलं, मागच्या ड्रममधल्या सिलिंडरचे रबरी कप बदलले, नवं ऑइल भरून हवा काढली. सगळा खर्च माझ्या सायलेन्सरच्या निम्म्याहून कमी आला. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलतो, गाडी कमी चालली तरी बदलतो. आणि घाट ज्या गिअरने चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हे मी मुलीलाही शिकवलं आहे.

मग लॉकडाउन लागला. गॅरेज बंद, कंपनी बंद, गाडी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. मी रोज सकाळी तासभर बॅटरी घेऊन गाडीखाली शिरायचो आणि वहीत एकेका रबराची नोंद करायचो. टायरपासून सुरुवात केली. नक्षी छान खोल होती म्हणून मी खूश होतो. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर १४१२ होतं, म्हणजे २०१२चा चौदावा आठवडा. आठ वर्षांचे टायर. बोटाने दाबले तर नक्षीच्या तळाशी बारीक चिरा दिसायच्या. आदल्या डिसेंबरात अवकाळी पावसात त्र्यंबक रोडवर गाडी सिग्नलला सरकली होती, त्याचा उलगडा तिथे झाला. जूनमध्ये दुकानं उघडल्यावर पहिलं काम टायरचं केलं. मूळ मापाहून एकच पायरी रुंद घेतले, रिम तीच ठेवली. मोठी रिम आणि पातळ टायर दिसायला देखणे असतात, पण आपल्या खड्ड्यांत रिम वाकते आणि स्टीअरिंग जड होतं.

त्यानंतर सस्पेन्शनचे बुश. लोअर आर्मचे, अँटिरोल बारचे, स्टीअरिंग रॅकचे. गाडी तीन वर्षं उभी राहिल्याने रबर वाळून दगड झालं होतं, काही ठिकाणी आतल्या नळीपासून सुटलं होतं. आखूड स्प्रिंगांनी आर्मचा कोन बदलून उरलेसुरले बुश फाडले होते. सुटे भाग मिळणं अवघड होतं. शिंगाडा तलावाच्या दुकानांतून फिरलो, तिथे सजावटीचं सगळं मिळालं, बुश मिळाले नाहीत.

मग माझ्यातला टूलरूमचा माणूस जागा झाला. मी अंबडमधल्या एका मित्राच्या लेथवर नायलॉनचे बुश स्वतः घडवले. मापाला अचूक, हाताला गुळगुळीत. चाचांनी ते हातात फिरवले, “काम सुंदर आहे,” म्हणाले, आणि माझ्या हट्टाखातर बसवून दिले. दोन महिने गाडी वळणावर अगदी रुळावरून जावी तशी जायची. पण प्रत्येक खड्डा थेट मनगटात यायचा. तिसऱ्या महिन्यात आर्म जिथे बॉडीला जोडतो त्या पत्र्याला केसाएवढी चीर दिसली. तेव्हा मला बुश म्हणजे काय ते कळलं. आमच्या धंद्यात न हलणारा भाग चांगला. बुशचं काम मात्र थोडं हलणं, थोडं पिळणं, धक्का स्वतःत जिरवणं हेच असतं. त्याने ते नाकारलं की धक्का पुढे पत्र्यात जातो. चीर वेल्ड केली, पट्टी मारली आणि नायलॉनचे बुश काढून टाकले.

डिसेंबर २०२०मध्ये कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दोन दिवस फिरून पॅलिओ, सिएना आणि पेट्रा या तिन्हींना चालणारे रबरी बुश मिळाले, कारण तिन्हींचा सांगाडा एकाच घराण्यातला. जी गाडी कुर्ल्यात जन्मली तिची दुखणी कुर्ल्यातच बरी होतात, याचा मला फार आनंद झाला. बसवताना चाचांनी एक गोष्ट दाखवली, जी पुष्कळ गॅरेजांत पाळली जात नाही. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून बसवायची आणि मगच आवळायचे. लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. मूळ उंचीच्या स्प्रिंगा परत बसवल्या, शॉकअप चारही नवे घेतले आणि कॉम्प्युटरवर अलाइनमेंट केली. नवीन सस्पेन्शनवर, मी घेतल्यापासून पहिल्यांदा ही गाडी गाडीसारखी चालली.

इंजिनची माउंटिंगही रबराचीच. ती खचली की गिअर टाकताना हिसका बसतो, आणि लोक क्लच प्लेट बदलून येतात. बॉनेट उघडून, हँडब्रेक लावून, एकाने जरा क्लच सोडून पाहावं आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उठतं ते बघावं. माझं इंजिन तीन बोटं उठत होतं. तीन माउंटिंग बदलली आणि गिअर लोण्यासारखे पडू लागले. क्लच आजही तोच आहे.

कूलिंगच्या बाबतीत तर वेगळीच गोष्ट निघाली. गाडीचा काटा कधी मध्यावर यायचाच नाही, आणि मी ते चांगलं लक्षण समजत होतो. पूर्वी कुठल्यातरी गॅरेजात कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. “आपल्याकडे गरमीत लागत नाही,” असा एक समज पुष्कळ ठिकाणी आहे. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन हवं तेवढं तापत नाही, थंड समजून जास्त पेट्रोल ओढत राहतं, तेल लवकर खराब होतं. नवा थर्मोस्टॅट, रेडिएटरचे वरचे-खालचे होज, रबरी सील असलेलं नवं झाकण, आणि बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं कूलंट. शहरात लिटरला आठ देणारी गाडी दहावर आली. कसाऱ्याचा घाट मे महिन्यात एसी लावून चढलो, काटा मध्यावरून हलला नाही.

सगळ्यात महत्त्वाचं रबर दिसत नाही, ते म्हणजे टायमिंग बेल्ट. हा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. माझ्या बेल्टची पाठ स्वच्छ होती. काढून उलटा वाकवला तेव्हा दातांच्या मुळाशी चिरा दिसल्या. चाचांचा हिशेब असा: ६० हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते. बेल्टबरोबर टेन्शनर बदला, आणि झाकण उघडलंच आहे तर क्रँक व कॅमची ऑइल सिलंही बदला, कारण गळणारं तेल बेल्ट खातं. जुनी हॉट हॅचबॅक घेणाऱ्याला माझं सांगणं आहे की मागच्या मालकाकडे बेल्टची पावती नसेल, तर गाडी घरी आणण्याआधी बेल्ट बदला.

२०२३मध्ये पेट्रोलच्या नळ्यांची पाळी आली. पंपांवर इथेनॉलचं प्रमाण वाढत वीस टक्क्यांकडे चाललं होतं. एका सकाळी बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला. इंजिनजवळच्या नळीवर बारीक चिरा होत्या, एका क्लिपखाली ओल होती. वीस वर्षांपूर्वीचं रबर या पेट्रोलसाठी बनवलेलंच नव्हतं. इथेनॉल पाणीही धरतं आणि टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरकडे आणतं. मी टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या अस्तराच्या घेतल्या, क्लिपा नव्या लावल्या, फिल्टर बदलला. दोन हजारांच्या आत काम झालं. गरम इंजिनवर गळणारं पेट्रोल म्हणजे आग. जुन्या गाडीच्या मालकाने हे काम पुढच्या पगारावर ढकलू नये.

त्याच वर्षी पेठ रोडच्या आरटीओत दुसरी फेरनोंदणी केली. पाच हजार रुपये फी, गाडीची तपासणी, पाच वर्षांची मुदत. रांगेत माझ्या पुढची गाडी बदललेल्या सायलेन्सरमुळे परत गेली. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम स्पष्ट आहे: कंपनीने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९च्या निकालात तेच सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच विचारते. माझी गाडी पहिल्या फेरीत पास झाली, कारण तिच्यावर मूळच्याहून वेगळं असं आता फारच थोडं होतं.

मग मी मॉडिफिकेशन काहीच ठेवलं नाही का? ठेवलं. चांगल्या प्रतीचे ब्रेक पॅड, एक पायरी रुंद टायर, आणि हेडलाइटला रिले. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, वायरीत व्होल्टेज पडतं आणि उजेड पिवळा होतो. रिले आणि जाड वायर टाकली तर ६०/५५ वॉटचा मूळ बल्बच पांढरा, भरपूर उजेड देतो. समोरच्याच्या डोळ्यांवर येत नाही, कायद्यातही बसतं.

गेल्या वर्षी माझा भाचा त्याची पोलो जीटी घेऊन आला. त्याला इंजिनच्या कॉम्प्युटरचा रिमॅप करायचा होता. टर्बो गाडीत रिमॅपने ताकद खरंच वाढते, माझ्यासारख्या साध्या इंजिनात ती जेमतेम वाढते, हे मी त्याला सांगितलं. पण हेही सांगितलं की त्याच्या गाडीची मूळ ओढ १७५ न्यूटन मीटर आहे आणि तिच्यातला कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स २५०पर्यंतच्या ओढीसाठी बनवलेला आहे. मधलं अंतर संपवायला निघालास तर गिअरबॉक्सचा खर्च आजच बाजूला काढून ठेव. “मामा, मग आधी काय करू?” त्याने विचारलं. आम्ही गाडी उचलली. टर्बोच्या एका हवेच्या होजला तेलाचा ओलावा होता, पुढचे टायर सहा वर्षांचे होते, ब्रेक ऑइल कधी बदललं ते त्याला आठवत नव्हतं. रिमॅपचे पैसे त्याने त्यात घातले. महिन्याने फोन करून म्हणाला, गाडी नवी झाली.

आज माझ्या पॅलिओचा मीटर १ लाख ४ हजारांवर आहे. मागच्या चैत्रात पुन्हा गडावर गेलो. तोच घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पेडल पहिल्या वळणावर जितकं कडक होतं तितकंच शेवटच्या वळणावर. शंभर अश्वशक्ती त्या गाडीत पहिल्या दिवसापासून होत्या, त्या माझ्यापर्यंत पोचत नव्हत्या, कारण मधलं रबर मेलं होतं.

तुमच्याकडे अशी जुनी, जोरदार छोटी गाडी असेल आणि तिच्यावर खर्च करायची हौस असेल, तर हौस जरूर करा. फक्त उद्या सकाळी सायलेन्सरच्या दुकानात जाण्याआधी खाली बसा आणि टायरवरचे ते चार आकडे वाचा. मग ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून आतला रंग बघा. गाडीत तुमची माणसं बसतात.